मनाचा ताण आणि मूत्रपिंडें

मनुष्याच्या शरीरांतील अवयवांस भाषेनें जो मान वांटून दिला आहे, त्यांत मोठा पक्षपात दिसतो. मराठी मनुष्याचें काळीज तुटतें, फाटतें, पाणी पाणी होतें. त्याची छाती भरून येते किंवा दडपते. भीतीनें त्याच्या पोटांत गोळा उठतो, दुसऱ्याचें दुःख पाहून पोटांत कालवतें, आणि रागानें त्याचें पित्त खवळतें. डोकें तर तापावयास व फिरावयास सदैव तयार असतें. परंतु पाठीच्या कण्याच्या दोहों अंगांस, बरगड्यांच्या आश्रयानें, अहोरात्र राबणारीं जीं दोन मूत्रपिंडें, त्यांच्या वाट्यास सुखदुःखाचा एकहि वाक्प्रचार आलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. इतर भाषा इतक्या कृपण नाहींत. प्राचीन हिब्रू लोक अंतःकरणांतील गूढ भावनांचें स्थान मूत्रपिंडांत आहे असें समजत; १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या बायबलाच्या इंग्रजी भाषांतरांत त्यासाठीं 'रेन्स' असा शब्द आहे, आणि परमेश्वर मनुष्याच्या हृदयाबरोबर त्याचीं मूत्रपिंडेंहि पारखतो, ही कल्पना त्यांत एकापेक्षां अधिक ठिकाणीं भेटते. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ आपल्या प्रकृतीची जात सांगतांना 'किडनी' हाच शब्द योजतो. उर्दू बोलणाऱ्यास धाडसाच्या कामासाठीं नुसतें दिल पुरत नाहीं, गुर्दाहि लागतो. या लोकांनीं मन आणि मूत्रपिंड यांचें नातें जोडलें तें कांहीं प्रयोगशाळेंत सिद्ध करून नव्हे. परंतु तें नातें खरोखरच आहे कीं काय, असल्यास किती व कसलें, हा प्रश्न आज विचारण्यासारखा झाला आहे.

आमच्यापुढें तो कोशांतून आला नाहीं. आमचे एक जुने स्नेही, आयुष्यभर कॉलेजांत गणित शिकविलेले, गेलीं तीन वर्षें डायलिसिसवर आहेत. आठवड्यांतून तीन वेळां, दर वेळीं सुमारें चार तास, त्यांचें रक्त यंत्रांतून गाळून परत शरीरांत सोडावें लागतें. आजाराच्या पहिल्या महिन्यांत समाचारास येणाऱ्यांची त्यांच्या घरीं रीघ लागली होती, आणि आलेला प्रत्येक जण चहाचा पेला खालीं ठेवतां ठेवतां आपलें निदान सांगून जात असे. कोणी म्हणे, "फार मनाला लावून घ्यायचे हो सर!" कोणी म्हणे, "मुलीच्या लग्नाचं टेन्शन नडलं." कोणी कॉलेजांतील बढतीचें जुनें प्रकरण उकरून काढी. एके दिवशीं वहिनींनीं आम्हांस स्वयंपाकघरापाशीं थांबवून हळूच विचारलें, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता. खरं सांगा, काळजी करकरून किडनी जाते का हो? घराच्या कर्जापायी दोन वर्षं मीच त्यांच्या मागे लागले होते."

या प्रश्नाचें उत्तर तेथल्या तेथें देण्यासारखें नव्हतें. समाचारास आलेल्यांनीं सहज उच्चारलेल्या शब्दांचें त्या बाईंच्या मनांत आरोपपत्र होऊन बसलें होतें. पुढें कित्येक महिने आम्हीं मिळेल तें वाचलें, आणि आमच्या परिचयाच्या एका मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांस शंका विचारून भंडावून सोडलें. आम्ही वैद्यकाचे विद्यार्थी नव्हे. परंतु त्यांतून जें आम्हांस नीट समजलें, तेवढें येथें मांडतों.

प्रथम या अवयवाची योग्यता पाहूं. एकेक मूत्रपिंड दहा ते बारा सेंटिमीटर लांब, वजनानें सुमारें १५० ग्रॅम. म्हणजे दोहोंचें मिळून वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा एक देखील भरत नाहीं. असें असतां हृदय जितकें रक्त बाहेर फेंकतें, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा या दोघांकडे जातो. प्रत्येकांत सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतला दीड-दोन लिटर मूत्ररूपानें टाकून देऊन बाकीचा सर्व रक्तांत परत घेतला जातो. कोणतें क्षार ठेवावें, कोणतें टाकावें, पाणी किती राखावें, याचा हिशेब हीं मूत्रपिंडें इतक्या चोखपणें ठेवतात, कीं तसा हिशेब आमच्या पाहण्यांतील कोणत्याहि संस्थेच्या कार्यालयांत आम्हांस आढळलेला नाहीं.

हा हिशेबनीस मात्र मनाच्या हुकुमापासून अगदींच मोकळा नाहीं. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं असें दाखवून दिलें, कीं एका बाजूच्या मूत्रपिंडाकडे जाणारा मज्जातंतु तोडला असतां त्या बाजूनें अधिक मूत्र स्रवूं लागतें. म्हणजे मज्जातंतु हा मूत्रपिंडाचा लगाम होय. १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरश्टेट व बेर्गमन या दोघांनीं सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेंत टोंचला, तेव्हां त्याचा रक्तदाब चढला. त्या अर्कांतील द्रव्यास त्यांनीं 'रेनिन' असें नांव दिलें. पुढें १९१५ सालीं हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनीं भूक, वेदना, भीति व क्रोध यांच्या योगें शरीरांत काय काय उलथापालथ होते याचें विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे तिन्ही धागे एकत्र विणले म्हणजे चित्र स्पष्ट होतें. संकट दिसतांच मेंदूकडून मज्जातंतूंच्या वाटेनें इशारा सुटतो. मूत्रपिंडांतील रक्तवाहिन्या आंवळतात, तेथील रक्त स्नायूंच्या कामास मोकळें होतें, आणि रेनिन स्रवूं लागतें. रेनिनपासून ज्या द्रव्यांची सांखळी सुरू होते, तीं द्रव्यें रक्तवाहिन्या आणखी आंवळतात आणि शरीरांतील मीठ व पाणी बाहेर जाऊं देत नाहींत.

वाघ समोर उभा असतां ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची आहे. पळावयाचें तर पायांना रक्त पाहिजे, आणि जखम झालीच तर अंगांत पाणी शिल्लक पाहिजे. अडचण इतकीच, कीं शरीरास वाघ आणि बँकेची नोटीस यांतील भेद फारसा कळत नाहीं. वाघ दहा मिनिटांत खातो किंवा निघून जातो. बँकेची नोटीस वीस वर्षांच्या हप्त्यांनीं येते.

हें नुसतें तर्कटहि नव्हे. प्राग येथील यान ब्रोड व त्यांचे सहकारी यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांस घाई करून मनांतल्या मनांत गणितें करावयास लावलीं. त्यांचा रक्तदाब चढला, स्नायूंकडे अधिक रक्त धांवलें, आणि मूत्रपिंडांतील रक्तवाहिन्या आंवळल्या गेल्या. गणिताच्या प्राध्यापकांस आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां ते अंथरुणावर पडल्या पडल्या हंसून म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी मुलांच्या किडन्या आवळत होतो म्हणायचा!" १९८३ सालीं अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना येथें तरुण पुरुषांवर असाच एक प्रयोग झाला. त्यांना चढाओढीचीं कामें करावयास दिलीं. ज्यांचा रक्तदाब मुळांतच थोडा चढा होता, किंवा ज्यांच्या आईबापांस तो विकार होता, अशांच्या शरीरांत त्या वेळीं मीठ व पाणी राखलें गेलें. इतरांच्या शरीरांत तसें झालें नाहीं. या प्रयोगाचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. ताण सर्वांस सारखा दिला, परंतु त्याचें ओझें सर्वांच्या मूत्रपिंडांवर सारखें पडलें नाहीं. कोणाच्या अंगीं कोणती जन्मजात उतरंड आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

येथें परीक्षेच्या दालनांतील एक अनुभव कोणाच्याहि मनांत येईल. प्रश्नपत्रिका हातीं पडण्यापूर्वीं निम्मा वर्ग बाहेर जाऊन येण्याची परवानगी मागतो. मग भीतीनें मूत्र कमी होतें कीं अधिक? भीतीनें जें अनावर होतें तें मूत्राशय; मूत्रपिंड नव्हे. भांडें थोडें भरलें असतांनाच रितें करण्याची घाई सुटते, एवढाच त्याचा अर्थ.

असो. मन आणि मूत्रपिंड यांच्यामध्यें वाट आहे, हें ठरलें. परंतु एखाद्या गांवाहून दुसऱ्या गांवीं वाट जाते, म्हणून त्या गांवचा प्रत्येक मनुष्य त्याच वाटेनें आला असें होत नाहीं. क्षणभर रक्तवाहिन्या आंवळणें निराळें आणि मूत्रपिंडें कायमचीं निकामीं होणें निराळें. या दोहोंच्या मधलें जें अंतर, तें बहुधा रक्तदाबानें तोडलेलें असतें. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं सूज आणि मूत्रांतून जाणारें आल्ब्युमिन यांचा संबंध मूत्रपिंडाच्या रोगाशीं जोडून दाखविला. क्लीव्हलंड येथील हॅरी गोल्डब्लाट यांनीं १९३४ सालीं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्यानें आंवळून त्यांचा रक्तदाब कायमचा चढवून दाखविला. तेव्हांपासून हें दुष्टचक्र वैद्यकांत सर्वमान्य झालें आहे: चढलेला रक्तदाब मूत्रपिंडाच्या गाळण्या झिजवितो, आणि झिजलेलीं मूत्रपिंडें रक्तदाब आणखी चढवितात. गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाहीं. त्यांतून हा अवयव इतका सोशिक, कीं रक्तांतील क्रिॲटिनिन नजरेंत भरण्याइतकें वाढेपर्यंत पुष्कळ वेळां निम्मी शक्ति खर्ची पडलेली असते. मधुमेह आणि रक्तदाब हीं आज मूत्रपिंडें निकामीं होण्याचीं दोन मोठीं कारणें आहेत, आणि तीं दोन्ही वर्षानुवर्षें न बोलतां काम करतात.

'स्ट्रेस' या शब्दास आजचा अर्थ ज्यांनीं मिळवून दिला, ते मॉन्ट्रिअल येथील हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत आपलें पहिलें टिपण प्रसिद्ध केलें. पुढें त्यांनीं उंदरांस मिठाचें पाणी आणि अधिवृक्क ग्रंथींतील द्रव्याच्या जातीचें एक द्रव्य मोठ्या मात्रेंत देऊन त्यांचीं मूत्रपिंडें बिघडवून दाखविलीं. परंतु पिंजऱ्यांतील उंदीर आणि महिनाअखेरीस घरखर्चाची तोंडमिळवणी करणारा मनुष्य यांत अंतर आहे. मनुष्याच्या जीवनांत ताण एकटा येत नाहीं. तो आपलें लटांबर बरोबर आणतो. ताणानें झोंप उडते, तंबाखू वाढतो, चालणें बंद होतें, जेवणाची वेळ टळते आणि तिची जागा खारवलेलें व तळलेलें घेतें. मधुमेही मनुष्याची साखर ताणानें चढते. आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत जवळ जवळ प्रत्येक खणांत डोकेंदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी सांपडेल. वेदना शमविणाऱ्या या गोळ्यांपैकीं कांहीं जाती नित्य घेतल्यास मूत्रपिंडास अपाय होतो, ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीनें जुनी आहे. परंतु ज्याचें डोकें रोज संध्याकाळीं दुखतें त्यास ती क्वचितच कोणी सांगतो. म्हणजे पुष्कळदां मनाचा ताण मूत्रपिंडापर्यंत पोंचतो तो मज्जातंतूच्या वाटेनें नव्हे, तर औषधांच्या दुकानाच्या वाटेनें.

मनाचा हा लगामच तोडून टाकला तर? हाहि प्रयोग झालेला आहे. रोहिणींतून बारीक नळी नेऊन मूत्रपिंडाच्या भोंवतींचे मज्जातंतु उष्णतेनें निकामे करण्याचा उपचार हट्टी रक्तदाबाच्या रोग्यांवर सुरू झाला, आणि त्याचे मनुष्यावरील पहिले निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां मोठा गाजावाजा झाला. २०१४ सालीं एका मोठ्या चांचणींत अर्ध्या रोग्यांना नव्हे, पण एका गटास केवळ खोटाच उपचार करून तुलना केली, तेव्हां दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पुढें साधनांत व पद्धतींत सुधारणा झाली, नव्या चांचण्यांत रक्तदाब थोडा पण खात्रीनें उतरतो असें दिसलें, आणि २०२३ सालीं अमेरिकन सरकारनें या उपचारास मान्यता दिली. या सर्व कथेचें तात्पर्य आमच्या मतें असें, कीं मज्जातंतूंचा दोर खरा आहे, परंतु सारा भार त्या एकाच दोरास टांगलेला नाहीं.

आतां या प्रश्नाची जी बाजू समाचारास येणाऱ्यांच्या कधींच ध्यानांत येत नाहीं, तिच्याकडे वळूं. मनाकडून मूत्रपिंडाकडे जशी वाट जाते, तशी मूत्रपिंडाकडून मनाकडेहि येते; आणि ही दुसरी वाट अधिक रुंद आहे. मूत्रपिंडें मंदावलीं म्हणजे रक्तांत विषारी द्रव्यें सांचतात. मनुष्य थकतो, त्याची भूक मरते, रात्रीं झोंप लागत नाहीं, अंगाला कंड सुटते, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं आणि लहान गोष्टीवरून तो चिडूं लागतो. डायलिसिसवरील रोग्यांपैकीं सुमारें पांचांत एकास वैद्यकीय अर्थानें विषादाचा विकार असतो, असें पाहणीवरून दिसतें. त्यांचें पाणी मोजून मिळतें, त्यांचा आठवडा यंत्रानें वांटून घेतलेला असतो, आणि घरांतील एक माणूस त्यांच्याबरोबर त्याच वेळापत्रकास बांधला जातो. खिन्न होण्यास याहून अधिक कारण कशास पाहिजे?

म्हणून आजाराच्या आदल्या वर्षाकडे मागें वळून पाहतांना फार जपून पाहावें. गणिताचे प्राध्यापक त्या वर्षीं चिडचिडे झाले होते, उदास बसत, कर्जाचा विषय निघाला कीं उठून जात, ही गोष्ट खरी. लोकांनीं तिला आजाराचें कारण ठरविलें. परंतु ज्या डॉक्टरांनीं त्यांचे जुने कागद पाहिले, त्यांचें म्हणणें असें, कीं रोग त्याच्या पुष्कळ आधींचा असावा. ती चिडचिड त्या रोगाचें पहिलें पाऊल असण्याचाच संभव अधिक. कार्य कोणतें आणि कारण कोणतें, याचा क्रम आमच्या समाजानें असा सहज उलटा करून टाकला, आणि त्याचा दंड एका निरपराध स्त्रीनें भरला.

आम्हीं वहिनींस हें सर्व सांगितलें. शेवटीं म्हटलें, "वहिनी, कर्जाची आठवण करून दिल्यानं कोणाची किडनी जात नाही. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षं चढलेला होता आणि तो कोणी मोजला नव्हता, एवढंच खरं." त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मोजायचा असतो हेच कुठं माहीत होतं हो?" दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र विकत आणलें. आतां घरीं येणाऱ्या प्रत्येकाचा दंड त्या त्यांत बांधतात. आमचाहि सुटलेला नाहीं.

चरकसंहितेंत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत मोठी मार्मिक योजना आहे. मूत्रादि शारीर वेग अडवूं नयेत, असें तेथें प्रथम सांगितलें आहे. आणि त्याच अध्यायांत पुढें लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादि मनाचे वेग मात्र आवरावेत, असा उपदेश आहे. देहाचे वेग मोकळे सोडा, मनाचे आवरा, ही वांटणी आजहि पटण्यासारखी आहे. परंतु हा उपदेश कोणास करावयाचा, याचा विवेक पाहिजे. निवृत्तिवेतन पक्कें झालेल्या आमच्यासारख्यास डॉक्टर म्हणाले, "सर, टेन्शन घेऊ नका," तर तें आम्ही पाळूं शकतों. संध्याकाळीं फिरावयास जाऊं, कांहीं समित्यांचा राजीनामा देऊं. पण आमच्याच विभागांत तासिका तत्त्वावर शिकविणारा जो तरुण आहे, ज्याचें मानधन महिनोन् महिने येत नाहीं आणि ज्याची जून महिन्यांत पुन्हा नेमणूक होईल कीं नाहीं हें मार्चमध्यें कोणी सांगूं शकत नाहीं, त्यास कोणत्या तोंडानें सांगावयाचें, कीं बाबा रे, काळजी करूं नकोस, तुझ्या मूत्रपिंडांस बरें नाहीं? त्याचा ताण त्याच्या मनांत उत्पन्न झालेला नाहीं. तो त्याच्या नेमणुकीच्या पत्रांतच लिहिलेला आहे. तो कमी करावयाचा तर औषध दुसऱ्याच ठिकाणीं लावलें पाहिजे.

तरी एवढ्यावरून हात जोडून बसावें असें मुळींच नाहीं. ताण मोजतां येत नाहीं, रक्तदाब येतो. काळजी बरणींत भरून तपासावयास पाठवितां येत नाहीं, मूत्र येतें. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें, आणि ज्याच्या घराण्यांत मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यानें त्याहूनहि आधीं, वर्षांतून एकदां या दोन्ही गोष्टी पाहून घ्याव्या. रोग लौकर हातीं लागला तर मूत्रपिंडांची झीज पुष्कळ मंद करतां येते. आणि सेल्ये यांच्या काळीं नव्हतीं अशीं औषधें आज आहेत, त्यांपैकीं कित्येक रेनिनच्या त्या सांखळीसच मध्यें तोडतात. हीं औषधें मनाचा ताण घालवीत नाहींत, पण ताणाचा हात मूत्रपिंडापर्यंत पोंचूं देत नाहींत.

आणि एखाद्याच्या समाचारास जाणें झालेंच, तर त्याच्या आजाराचें मूळ त्याच्या स्वभावांत शोधण्याचा मोह आवरावा. त्याऐवजीं घरच्या माणसास विचारावें, कीं पुढच्या खेपेस दवाखान्यांत कोणी बसावयास पाहिजे आहे काय. शनिवारची पाळी सध्यां आमच्याकडे आहे. चार तासांत आम्ही दोघे बहुधा वर्तमानपत्र वाचतों, थोडें भांडतों, आणि तेवढ्या वेळांत वहिनी घरीं जाऊन झोंप काढतात.